एकाच बाजूची खतावणी

व्यापारी पेढीवर रोजकीर्द लिहिली जाते व तीवरून खतावणी होते. खतावणीस जमा आणि नांवे अशा दोन बाजू असतात, आणि दोन्ही बाजूंचा मेळ बसला म्हणजेच पेढीची खरी स्थिति कळते, हें आमच्या बाजारपेठेंतील वाचकांस सांगावयास नको. जो दुकानदार लोकांकडून येणें असलेली रक्कम ठळक अक्षरांनीं मांडतो आणि आपण लोकांस देणें लागतो ती रक्कम लिहावयाची विसरतो, त्याचें दिवाळें केव्हां निघेल एवढाच काय तो प्रश्न उरतो. असा दुकानदार लबाडच असतो असें नाहीं. पुष्कळदां तो बिचारा आपल्या वहीवर मनापासून विश्वास ठेवीत असतो, आणि त्यामुळेंच तो लबाडापेक्षांही अधिक घातक होतो. कारण लबाडास निदान खरा आंकडा ठाऊक असतो.

दुर्दैवाची गोष्ट अशी कीं, पैशाच्या बाबतींत इतके सावध असणारे आम्ही लोक माणसांच्या बाबतींत मात्र सर्रास अशीच एकाच बाजूची खतावणी ठेवितों. आपल्या हातून चूक झाली तर ती प्रसंगाची, दुसऱ्याच्या हातून झाली तर ती स्वभावाची. आपल्याकडून सत्कृत्य घडलें तर तो रक्ताचा गुण, दुसऱ्याकडून घडलें तर तो योगायोग किंवा स्वार्थ. ‘आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचें तें कार्टें’ ही म्हण आम्ही हंसत हंसत म्हणतों. परंतु हीच म्हण जेव्हां एखाद्या शहराचा कायदा, कारभार आणि लोकमत ठरवूं लागते, तेव्हां हंसण्यासारखें कांहीं उरत नाहीं. आज पिंपरी-चिंचवड शहरांत आणि चाकणच्या कारखानदारी पट्ट्यांत ‘बाहेरचे लोक’ या दोन शब्दांभोंवतीं जें बोलणें चालतें, तें ऐकून ह्या विषयावर स्पष्ट लिहिणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

बाहेरचे म्हणजे कोण, हें ठरविण्यापूर्वीं हें शहर बनलें कसें तें पाहूं. पवना व इंद्रायणी ह्या नद्यांच्या कांठचा हा मुलूख. चिंचवड हें मोरया गोसावींच्या समाधीमुळें भाविकांस ठाऊक असलेलें गांव. पिंपरी वाघेरे, आकुर्डी, भोसरी हीं शेतकऱ्यांचीं गांवें. आणि चाकण म्हटलें कीं १६६० सालीं फिरंगोजी नरसाळ्यानें शाएस्तेखानाच्या अफाट फौजेपुढें लढविलेला भुईकोट आणि अलीकडच्या काळांत कांद्याचा बाजार. १९४७ सालीं देशाची फाळणी झाली आणि सिंधमधून घरदार टाकून आलेल्या निर्वासितांची छावणी पिंपरीस पडली. ज्या लोकांनीं अंगावरच्या वस्त्रानिशीं येथें पाय ठेविला, त्यांनींच पुढें पिंपरी कँपाची बाजारपेठ उभी केली, आणि आज पंचक्रोशींतील लग्नाचा बस्ता त्या पेठेशिवाय पुरा होत नाहीं. १९५४ सालीं जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ ह्यांच्या साहाय्यानें भारत सरकारनें पिंपरीस पेनिसिलिनचा कारखाना काढला. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें, आणि त्या दशकांत स्कूटरींचे, मालमोटारींचे व यंत्रांचे मोठमोठे कारखाने ह्या माळावर उभे राहिले. १९७० सालीं चार गांवें मिळून नगरपालिका झाली, १९८२ सालीं तिची महानगरपालिका झाली. २००१ च्या खानेसुमारींत दहा लक्षांच्या आसपास असलेली वस्ती २०११ मध्यें सतरा लक्षांवर गेली.

एवढी माणसें ह्या चार गांवांच्या पोटीं जन्मलीं नाहींत, हें उघड आहे. तीं आलीं. १९७२ च्या दुष्काळांत विहिरी आटल्या, जनावरें दावणीस मेलीं, आणि मराठवाड्यांतून, नगर-सोलापुरांतून, सातारा-सांगलीच्या कोरड्या तालुक्यांतून माणसें पोटासाठीं शहरांकडे निघालीं. त्यांतील कित्येकजण ह्या पट्ट्यांत येऊन थांबले. कोणी गांवच्या ओळखीवर एका खोलींत आठ-दहाजण राहिले, पाळीपाळीनें एकाच अंथरुणावर निजले, कारखान्याच्या फाटकाशीं सकाळीं सकाळीं उभे राहिले, ‘बदली’ म्हणून लागले आणि पुढें कायम झाले. त्यांचीं मुलें आज अभियंते, डॉक्टर, नगरसेवक आहेत. ही कथा लाजेची नव्हे, अभिमानाची आहे. परंतु त्याच कुटुंबांत आज दिवाणखान्यांत बसून ‘हे लोक एका खोलींत दहा-दहा राहतात, घाण करतात, ह्यांना शिस्त म्हणून नाहीं’ असें बोलणें चालतें, तेव्हां आम्हांस विचारावेंसें वाटतें कीं, त्या दहाजणांच्या खोलीची आठवण ह्या घरांतून गेली कोठें?

मनुष्य आपले कष्ट विसरत नाहीं. तो ते मोठ्या हौसेनें नातवंडांस सांगतो. तो विसरतो तें निराळेंच. आपल्याला त्या वेळीं कोणी तरी खोली दिली, कोणी तरी उधारीवर शिधा दिला, कोणी तरी मुकादमाजवळ शब्द टाकला, आणि कोणी तरी ‘हे कोठले उपरे येथें आले’ असें म्हणत असतांनाही आपण टिकलों, एवढा भाग त्याच्या कथेंतून हळूहळू गळून पडतो. उरते ती केवळ स्वकर्तृत्वाची पोथी. आणि ज्याच्या पोथींत कोणाचे उपकार नाहींत, त्याला दुसऱ्यावर उपकार करण्याचें कारणही दिसत नाहीं. सरकारी ठरावाप्रमाणें राज्यांत पंधरा वर्षें राहिलेला मनुष्य ‘स्थानिक’ ठरतो. कायद्यास पंधरा वर्षें लागतात. आमच्या विस्मृतीस तितकींही लागत नाहींत. आगगाडींत जागा मिळेपर्यंत दारांतला मनुष्य आंतल्यांस ‘जरा सरका’ म्हणून विनवितो, आणि जागा मिळतांच पुढच्या स्टेशनावर तोच दार आंतून लावून घेतो. ह्या पट्ट्याचा पाऊणशें वर्षांचा इतिहास पुष्कळ अंशीं ह्या दाराचा इतिहास आहे.

कोणी म्हणतील कीं, मराठी मनुष्य आपल्याच राज्यांत एका जिल्ह्यांतून दुसऱ्या जिल्ह्यांत गेला, त्याची तुलना परप्रांतीयांशीं कशी करतां? हा प्रश्न योग्य आहे, म्हणून खेड तालुक्याचेंच उदाहरण घेऊं. चाकण ह्याच तालुक्यांत आहे. भारतांतील कामगार चळवळीचे जनक म्हणून ज्यांचें नांव घेतलें जातें, त्या रावबहादुर नारायण मेघाजी लोखंडे ह्यांचें घराणें ह्याच तालुक्यांतील कन्हेरसरचें. पोटापाण्यासाठीं ही माणसें मुंबईकडे गेलीं. रत्नागिरी, सातारा, पुणें ह्या जिल्ह्यांतून हजारो कुणबी-माळी-मराठे तेव्हां मुंबईच्या गिरण्यांत गेले, चाळींच्या अंधाऱ्या खोल्यांत राहिले. ती मुंबई त्यांची होती काय? तेथला पैसा गुजराथी, पारशी व इंग्रज भांडवलवाल्यांचा, तेथला कारभार इंग्रजांचा, आणि सुखवस्तु नागरिकांच्या दृष्टीनें हे गिरणीवाले म्हणजे अस्वच्छ, अडाणी व दंगेखोर लोंढा. लोखंड्यांनीं ‘दीनबंधु’ पत्र हातीं घेऊन ह्या लोकांची बाजू मांडली, १८८४ सालीं त्यांच्या सभा भरविल्या, आणि १८९० च्या जून महिन्यांत गिरणीकामगारांस रविवारची सुटी मिळाली. आज चाकणचा कारखानदार आणि त्याचा कारकून ज्या साप्ताहिक सुटीस आपला जन्मसिद्ध हक्क समजतात, ती एका ‘बाहेरून आलेल्या’ घराण्यांतील मनुष्यानें मिळविलेली आहे.

पुढची हकीकत तर अधिक बोलकी आहे. १८९६ सालीं मुंबईंत प्लेगची सांथ आली. कामगार जीव घेऊन गांवाकडे पळाले. गिरण्या ओस पडूं लागल्या. तेव्हां जे मालक एरवीं एका मजुराच्या जागीं दहा मिळतील असें म्हणत, त्यांचे लोक रस्त्याच्या नाक्यांवर उभे राहून मजुरांस अधिक रोजाचें आमिष दाखवूं लागले, आणि महिन्याच्या पगाराऐवजीं रोजच्या रोज पैसे मोजून देऊं लागले. लोखंडे स्वतः त्याच सांथींत १८९७ च्या फेब्रुवारींत वारले. सांथ ओसरली, कामगार परतले, आणि नाक्यावरची ती अजीजी कोणाच्या स्मरणांत राहिली नाहीं.

हें सव्वाशें वर्षांपूर्वींचें. आतां २०२० सालचें पाहा. त्या वर्षीं मार्च महिन्यांत अवघ्या चार तासांच्या सूचनेनें देशांत टाळेबंदी झाली. चाकण, भोसरी, तळेगांव येथील कारखाने बंद झाले; ठेकेदारांनीं दूरध्वनी घेणें सोडून दिलें; खोलीचें भाडें थकलें. डोक्यावर गांठोडें, कडेवर मूल, अशीं माणसें भर उन्हाळ्यांत महामार्गांनीं चालूं लागलीं. मे महिन्यापासून श्रमिक गाड्या सुटल्या आणि देशभर साठ लक्षांहून अधिक माणसें त्यांतून घरीं गेलीं. त्या दिवसांत ह्या शहरांतील पुष्कळ लोकांनीं स्वतःच्या खर्चानें अन्नछत्रें चालविलीं, चपला वांटल्या, तिकिटांची व्यवस्था केली, ही गोष्ट आम्ही आदरपूर्वक जमेच्या बाजूस लिहितों. परंतु पुढें काय झालें? कारखाने उघडले आणि माणसें मिळेनात. तेव्हां कारखानदारांच्या संघटनांपासून बांधकामाच्या मुकादमांपर्यंत सर्वांच्या तोंडीं एकच वाक्य होतें, ‘ह्या लोकांवांचून काम चालत नाहीं.’ कित्येकांनीं बसगाड्या धाडून त्यांना परत आणविलें. आज त्या वाक्याची आठवण करून दिली तर लोक खांदे उडवितात. गरज सरो वैद्य मरो ही रीति वैद्याच्या बाबतींत वाईट आहेच. परंतु रोग पुन्हां येणार आहे हें ठाऊक असतांना ती निव्वळ मूर्खपणाची ठरते.

आतां आम्ही जें उदाहरण देणार आहों तें कित्येकांस कडू लागेल. २०२५ सालच्या फेब्रुवारींत महानगरपालिकेनें चिखली-कुदळवाडी भागांतील भंगाराचीं गोदामें, पत्र्याच्या शेडी व लहान कारखाने जमीनदोस्त केले. कांहीं दिवसांत हजारो बांधकामें पडलीं. तेथें वारंवार आगी लागत, धुरानें आसपासच्या सोसायट्यांस श्वास घेणें कठीण होई, आणि बांधकामें विनापरवाना होतीं, हें सर्व खरें आहे. अनधिकृत बांधकामांची तरफदारी करण्यासाठीं आम्ही लेखणी उचललेली नाहीं. परंतु ह्या कारवाईचें स्वागत करतांना जे उद्गार शहरांत निघाले, ते धुराविषयीं थोडे आणि ‘परप्रांतीयांचा अड्डा’ ह्याविषयीं फार होते. त्या शेडींखालची जमीन परप्रांतीयांनीं आपल्या गांवाहून गांठोड्यांत बांधून आणली होती काय? तिचें भाडें महिनोमहिने कोणाच्या घरीं जात होतें? तेथें विजेच्या जोडण्या कोणीं दिल्या? कोणाच्या कारखान्याचा पत्रा, पुठ्ठा, प्लास्टिक आणि तेलकट चिंध्या तेथें रिकाम्या होत होत्या? शिवाय तेथें धंदा करणाऱ्यांत मराठी लहान उद्योजकही होते, हेंही लोक विसरले. कारण तें आठवल्यास गोष्टीचा रंग बिघडतो.

ह्याच शहरांत अनधिकृत घरांची संख्या हजारोंनीं मोजावी लागते. गुंठा-अर्धा गुंठा घेऊन, कर्ज काढून, नकाशा मंजूर न करतां लोकांनीं घरें बांधलीं. कायद्यानें २००८ पासून त्यांवर शास्तीकर लागूं झाला. तो रद्द व्हावा म्हणून मोर्चे निघाले, निवडणुका लढविल्या गेल्या, आणि अखेर २०२३ सालीं सरकारनें थकित शास्तीकर माफ केला. ‘गरीब माणसानें पोटाला चिमटा घेऊन घर बांधलें, प्राधिकरणानें वेळेवर स्वस्त घरें दिलीं नाहींत, मग तो काय करणार?’ हा युक्तिवाद तेव्हां केला गेला, आणि तो बऱ्याच अंशीं खरा होता. १९७२ सालीं नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालें तेंच मुळीं कामगारांस परवडणारीं घरें मिळावींत म्हणून, आणि तें काम अपुरें राहिलें हें कोण नाकारील? परंतु जी परिस्थिति घर बांधणाऱ्याच्या बाजूनें साक्षीदार म्हणून उभी केली, तीच शेड बांधणाऱ्याच्या खटल्यांत कोर्टाबाहेर कां ठेविली? त्याच वर्षीं मे महिन्यांत इंद्रायणीच्या पूररेषेच्या आंतील बंगले राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचा आदेश सर्वोच्च न्यायालयांत कायम झाल्यावर पाडण्यांत आले. तेव्हां शहर हळहळलें. ‘बिचाऱ्यांना फसवून भूखंड विकले, विकणाऱ्यास आधीं पकडा’ असें जो तो म्हणाला. फार योग्य म्हणाला. मग तीन महिन्यांपूर्वीं, अवघ्या कांहीं अंतरावर, ‘भाड्यानें देणाऱ्यास आधीं पकडा’ असें कोणाच्या तोंडून फारसें कां निघालें नाहीं? माप एकच हवें. बंगल्यास लोकरी गज आणि शेडीस लोखंडी गज अशीं दोन मापें ज्या दुकानांत वापरतात, त्या दुकानाचा परवाना वजनमाप खातें रद्द करील.

येथवर वाचून एखादा भूमिपुत्र शेतकरी म्हणेल, ‘संपादक महाशय, तुम्ही आम्हांलाच उपदेश करतां, परंतु आमच्या नांवावर काय गेलें तें तुमच्या वहींत आहे काय?’ हा प्रश्न ऐकून घेण्यास आम्ही बांधलेले आहों. कारण विस्मृति एकाच पक्षाची मक्तेदारी नाहीं. ज्या माळावर कारखाने उभे राहिले तो ओसाड माळ नव्हता. तें कोणाचें तरी वावर होतें. प्राधिकरणानें जमिनी घेतल्या, आणि त्या बदल्यांत साडेबारा टक्के जागा परत मिळावी म्हणून मूळ जमीनमालकांस कित्येक दशकें कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागले. शहर जें पाणी पितें तें पवनेचें. ९ ऑगस्ट २०११ रोजीं पवना धरणांतून शहरास बंद नळानें पाणी नेण्याच्या योजनेस विरोध करण्यासाठीं मावळांतील शेतकऱ्यांनीं बऊर येथें द्रुतगति महामार्ग अडविला. पोलिसांनीं गोळीबार केला आणि तीन शेतकरी प्राणांस मुकले. शहरांतील किती घरांत ती तारीख आज आठवली जाते? २०१९ च्या नोव्हेंबरापासून शहरास दिवसाआड पाणी मिळूं लागलें तेव्हां तक्रारींचा पाऊस पडला. पण ज्यांच्या उशापासून हें पाणी येतें त्यांची आठवण त्या तक्रारींत क्वचितच दिसली. चाळीस वर्षांपूर्वीं आलेला कामगार काय, काल आलेला संगणक अभियंता काय, दोघेही ह्या ऋणाच्या नांवे बाजूस आहेत.

शेजारच्या मुळशी तालुक्याची कथा ह्याहून जुनी आहे. तेथें वीज निर्माण करण्यासाठीं टाटा कंपनीनें धरण बांधावयास घेतलें, त्याविरुद्ध १९२१ सालीं मावळ्यांनीं सत्याग्रह केला, आणि पांडुरंग महादेव बापट ह्यांस लोक ‘सेनापति’ म्हणूं लागले ते ह्याच लढ्यामुळें. गांवें अखेर पाण्याखालीं गेलीं. पुढें त्याच उद्योगसमूहाच्या कारखान्यानें पिंपरींत हजारो मराठी घरांची चूल पेटती ठेविली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. जो फक्त पहिली आठवतो त्याला कारखानदारी म्हणजे राक्षस वाटते. जो फक्त दुसरी आठवतो त्याला धरणग्रस्त म्हणजे प्रगतीचे शत्रु वाटतात. ज्याला दोन्ही आठवतात त्यालाच न्याय करतां येतो, आणि तें काम मनास सुखकर नसतें, म्हणूनच तें थोडे लोक करतात.

दुसरा आक्षेप गुन्ह्यांचा. चाकण-म्हाळुंगे भागांत चोऱ्या, हाणामाऱ्या, खून होतात, आणि त्यांत बाहेरून आलेले तरुण सांपडतात, असें लोक म्हणतात. सांपडतात, आणि जो सांपडेल त्याला कायद्याप्रमाणें शिक्षा व्हावी, त्यांत तिळमात्र दया नको. परंतु बातमी लिहिण्याची आमच्या धंद्यांतील रीति पाहा. चोर दुसऱ्या प्रांतांतला असला कीं त्याचा प्रांत मथळ्यांत येतो. चोर येथलाच असला कीं मथळ्यांत नुसता ‘चोर’ उरतो. वर्षभर असे मथळे वाचणाऱ्यास सगळे चोर एकाच प्रांतांतून येतात असें वाटूं लागलें तर नवल नाहीं. शिवाय जेथें तरुण पुरुष हजारोंनीं, कुटुंबावांचून, ओळखीपाळखीवांचून, अपुऱ्या पगारावर राहतात, तेथें गुन्हे वाढतात. मग ती वस्ती परळची असो, सुरतेची असो कीं चाकणची. हा प्रांताचा गुण नसून त्या जिण्याचा गुण आहे. आमचेच तरुण जेव्हां परदेशांत जातात आणि एखाद्याच्या गैरवर्तनावरून तेथील लोक सर्व भारतीयांस नांवें ठेवितात, तेव्हां ‘एकावरून सर्वांची परीक्षा करूं नका’ हा धडा आम्ही त्यांस फार सुंदर भाषेंत शिकवितों. तो धडा घरीं शिकविण्यास भाषांतराचीही जरूर नाहीं.

तिसरा आक्षेप नोकऱ्यांचा, आणि तो सर्वांत वजनदार आहे. जमीन ज्यांची गेली त्यांच्या मुलांस कारखान्यांत काम मिळालें पाहिजे, ही मागणी न्याय्य आहे व आम्ही तिचे पक्षपाती आहों. परंतु स्थानिक तरुणास डावलून दूरचा मजूर कां घेतला जातो, ह्याचें कारण मजुराच्या प्रांतांत शोधून सांपडणार नाहीं. तें ठेकेदारी पद्धतींत सांपडेल. ज्याला येथें घर नाहीं, नातेवाईक नाहींत, मतदानाचा हक्क नाहीं, ज्याला आज काढलें तर उद्यां तो गांवीं जाईल, तो मनुष्य मालकास सोईचा वाटतो. १९७९ सालीं आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठीं कायदा झाला. त्यांत नोंदणी, प्रवासभत्ता, राहण्याची सोय असें सर्व लिहिलें होतें. तो नीट पाळला असता तर दूरचा मजूर स्वस्त राहिला नसता, आणि जो स्वस्त नसतो त्याच्यासाठीं कोणी स्थानिकास डावलीत नाहीं. तेव्हां स्थानिक तरुणानें ज्याच्याशीं भांडावयाचें तो मनुष्य शेजारच्या खोलींत राहत नाहीं. शेजारच्या खोलीवर दगड टाकणें सोपें असतें, एवढेंच.

असो. नुसत्या दोषदिग्दर्शनानें काम भागत नाहीं, म्हणून उपायांविषयीं चार शब्द लिहितों. पहिला उपाय महानगरपालिकेचा. अनधिकृत बांधकामावर कारवाई करतांना जमीन कोणाची, भाडें कोण घेतो आणि बांधकाम किती वर्षें उभें होतें, हें नोटिशींतच लिहावें व प्रसिद्ध करावें. दंड भोगणाऱ्याबरोबर नफा खाणाऱ्याचेंही नांव लोकांस दिसूं द्यावें. दुसरा उपाय घरमालकांचा. भाडेकरूची पोलिसांत नोंद करावी, भाड्याची पावती द्यावी, आणि दहा माणसांचें भाडें घेतांना दहा माणसांपुरतें पाणी व शौचकूप आहेत कीं नाहींत तें पाहावें. घाणीविषयीं तक्रार करण्याचा अधिकार त्यानंतर. तिसरा कारखानदारांचा. ठेकेदाराच्या आड न लपतां आपल्या आवारांत राबणाऱ्या प्रत्येक मनुष्याच्या पगाराची, विम्याची व भविष्यनिर्वाह निधीची खात्री स्वतः करून घ्यावी, आणि जमीन दिलेल्या घरांतील मुलांस नुसता पहारेकऱ्याचा डगला न देतां हातांत हुन्नर द्यावा. चौथा आम्हां वृत्तपत्रवाल्यांचा. आरोपीचा प्रांत, जात व धर्म गुन्ह्याशीं संबंध असल्याखेरीज छापूं नये.

जे नवे आले आहेत त्यांसही आमचें सांगणें आहे. ज्या गांवांत राहतां त्या गांवाचें नांव, त्याची भाषा आणि त्याचें दुःख शिकून घ्या. मराठी शिकणें हा दंड नव्हे, तें येथल्या अन्नाचें साधें ऋण आहे. दुकानदार, मास्तर, दवाखान्यांतील परिचारिका ह्यांच्याशीं त्यांच्या भाषेंत बोलणारा मनुष्य फार दिवस उपरा राहत नाहीं.

शेवटचा उपाय शाळांचा व घरांचा आहे, आणि त्याला एक पैसाही लागत नाहीं. ह्या शहरांतील प्रत्येक शाळेनें वर्षांतून एकदां मुलांस एवढेंच विचारावें: तुमचें घराणें कोणत्या गांवाहून, कोणत्या सालीं येथें आलें, अथवा येथलेंच असेल तर त्याची कोणती जमीन गेली; आणि अगदीं पहिल्या दिवशीं त्या घराण्यास मदत कोणीं केली? मुलांनीं उत्तरें आजी-आजोबांस विचारून आणावींत व वर्गांत वाचून दाखवावींत. वाघेऱ्यांच्या वाड्यांतला मुलगा, सिंधी व्यापाऱ्याची मुलगी, बीडच्या कामगाराचा नातू आणि बिहारच्या वेल्डरचा पोरगा एका बांकावर बसून एकमेकांचीं उत्तरें ऐकतील, तर नागरिकशास्त्राचें पुस्तक वर्षभर पाठ करून जें साधत नाहीं तें एका तासांत साधेल. कारण त्या प्रत्येक उत्तरांत कोणा ना कोणा परक्या मनुष्याचें नांव निघेल, आणि तें नांव आजवर त्या घरच्या खतावणींत लिहिलेलें नसेल.

येत्या पाडव्यास आमचे व्यापारी बंधु नव्या वह्या घालतील, ‘श्री’ लिहून हळदकुंकू वाहतील. मागील बाकी पुढें ओढल्याशिवाय नवी वही सुरू करतां येत नाहीं, हा त्यांच्या धंद्याचा पहिला नियम आहे. लोकव्यवहारांतही तोच नियम लागूं केला, येणें जितक्या आस्थेनें लिहितों तितक्याच आस्थेनें देणेंही लिहिलें, तर शेजाऱ्याचा न्याय करण्याची योग्यता आपल्या अंगीं येईल. तोंपर्यंत न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसण्याची घाई कोणीही करूं नये.